टांपात तळमजल्यावरचं भाड्याचं घर आणि हरिकेनचा हंगाम: रेंटर्स इन्शुरन्स (भाडेकरूचा विमा) नेमका कुठवर पुरतो?

मेघना_टांपा

नमस्कार मंडळी. जूनमध्ये आम्ही ओहायोतून फ्लोरिडात टांपाला आलो. साउथ टांपात तळमजल्यावरचं दोन बेडरूमचं अपार्टमेंट घेतलंय. मागे कॉम्प्लेक्सचं तळं आहे, त्यात बदकं आहेत, त्यामुळे लेक जाम खूश. मी मात्र सकाळचा चहा त्या तळ्याच्या पातळीवर नजर ठेवून पिते.

लीजवर सह्या करताना ऑफिसातल्या बाईंनी सांगितलं की एक लाख डॉलरचं लायबिलिटी कव्हरेज (आपल्या हातून दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याचा विमा) सक्तीचं आहे. स्वतःची पॉलिसी दाखवा, नाहीतर दर महिन्याला भाड्यात १४ डॉलर लावू. खाली ट्रक उभा होता, पोरगी रडत होती, आम्ही म्हटलं लावा. आता नवऱ्याचं म्हणणं असं की दर महिन्याला पैसे जातायत, म्हणजे इन्शुरन्स आहेच की आपला. माझं काही समाधान होईना, म्हणून एका कंपनीकडून वेगळं कोटेशन मागवलं. महिना २१ डॉलर, सामानासाठी ३० हजार, लायबिलिटी एक लाख, डिडक्टिबल (नुकसानीतला आपण स्वतः सोसायचा वाटा) ५००. खाली बारीक अक्षरात "हरिकेन डिडक्टिबल २ टक्के" आणि त्याच्याही खाली "फ्लड समाविष्ट नाही".

आता मला सांगा, हरिकेनमध्ये पाणी येणार नाही तर काय येणार? मग हे २१ डॉलर कशासाठी? आणि त्या १४ चं काय? सामान फार नाही. दोन लॅपटॉप, सोफा, पलंग, स्वयंपाकघर, माझ्या पैठण्या आणि लग्नातले दागिने. गाडी एक, उघड्यावर लावतो. घर सोडून जायची ऑर्डर निघाली तर हॉटेलचा खर्च कोण देतं, हेही कोणी सांगितलं तर बरं होईल.


तिसरा_मजला

एवढं टेन्शन घेऊ नका. मी क्लिअरवॉटरला बरीच वर्षं आहे, साधी रेंटर्स पॉलिसी आहे, फ्लड कधी घेतलं नाही. इथे दर ऑगस्टमध्ये टीव्हीवाले जगबुडी आणतात. पाण्याच्या बाटल्या आणि टॉर्च घेऊन ठेवा, झालं.


खाडीकाठचा

तुमचं नावच तिसरा मजला आहे साहेब. विचारणाऱ्या ताई तळमजल्यावर राहतात.

मेघनाताई, मी खाडीच्या पलीकडे सेंट पीटर्सबर्गला असतो. २०२४ साली तळमजल्यावरच होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

भाडेकरूच्या पॉलिसीत सगळं यावर ठरतं की पाणी वरून आलं की खालून. वाऱ्याने छप्पर उडालं, भिंतीला भगदाड पडलं आणि तिथून पाऊस आत आला, तर ते रेंटर्स पॉलिसीत बसतं. वाऱ्याने आधी भोक पाडायला हवं ही अट मात्र आहे. बंद खिडकीच्या फटीतून पाणी झिरपलं तर कंपनी हात वर करते. आणि खाडी, तळं, रस्ता, कुठूनही पाणी जमिनीवरून चढत घरात आलं की तो फ्लड. साध्या रेंटर्स पॉलिसीत फ्लड नसतो. हे पाणी वादळानेच ढकललं होतं, असं कितीही ओरडून सांगा, उपयोग नाही.

आमच्या कॉम्प्लेक्समध्ये दोन्ही प्रकार दोन आठवड्यांच्या अंतराने झाले. २६ सप्टेंबरला हेलीन हे हरिकेन आलं. त्याचा डोळा आमच्या पश्चिमेला शंभराहून जास्त मैलांवरून, समुद्रातूनच वर सरकला आणि जमिनीला लागला तो पार उत्तरेला पेरीजवळ. आमच्याकडे वाऱ्याने फारसं काही पडलं नाही. खाडी मात्र रात्रभर चढत गेली. आम्ही इव्हॅक्युएशन झोन ए मध्ये (घर सगळ्यात आधी सोडायला सांगतात तो पट्टा), त्यामुळे आधीच ऑर्लँडोला मित्राकडे गेलो होतो. परतलो तेव्हा पाणी ओसरलेलं, भिंतीवर मांडीच्या उंचीला तपकिरी रेघ आणि फ्रिज स्वयंपाकघरातून निघून हॉलमध्ये आडवा. भुश्याच्या लाकडाचं कपाट इतकं फुगलं होतं की ड्रॉवर उघडेनात. लग्नाचा अल्बम काढायला मागची फळी फोडावी लागली, आणि काढला तर पानं एकमेकांना चिकटलेली. खाऱ्या पाण्यात भिजलेल्या घराचा वास कसा असतो ते लिहीत नाही, जेवायची वेळ आहे.

मग ९ ऑक्टोबरला मिल्टन. ते आमच्या दक्षिणेला, "सिएस्टा की" नावाच्या बेटाजवळ किनाऱ्यावर आलं, त्यामुळे आमच्याकडे वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहत होता आणि खाडीतलं पाणी उलट आटलं. पण वारा असा की ट्रॉपिकाना फील्ड या बेसबॉल स्टेडियमचं छप्पर चिंध्या होऊन लोंबकळलं, आणि शहरात १८ इंचांहून जास्त पाऊस. आमच्या सगळ्यात वरच्या मजल्यावरच्या कुटुंबाच्या डोक्यावरच्या शिंगल्स (छपराच्या पट्ट्या) उडाल्या, खालचं प्लायवूडही गेलं आणि बेडरूममध्ये धो धो पाणी. त्यांना रेंटर्स पॉलिसीतून गाद्या, टीव्ही, कपडे, वर घर दुरुस्त होईपर्यंत दुसरीकडे राहण्याचा खर्चही मिळाला. माझ्या शेजारच्या दारातल्या मुलाकडे त्याच कंपनीची तशीच पॉलिसी होती. त्याचं सगळं हेलीनमध्ये गेलं होतं. त्याला एक डॉलर मिळाला नाही, राहण्याचा खर्चसुद्धा नाही, कारण मूळ नुकसानच कव्हर नसेल तर तो खर्चही कव्हर होत नाही.

माझ्याकडे फ्लडची वेगळी पॉलिसी होती. ऑफिसातल्या एक बाई जन्मापासून फ्लोरिडात, त्यांनी मागे लागून घ्यायला लावली होती. ती फेमाच्या, म्हणजे अमेरिकी सरकारच्या आपत्ती-मदत संस्थेच्या, नॅशनल फ्लड इन्शुरन्स प्रोग्रॅमची, फक्त सामानाची. भाडेकरूला इमारतीचा विमा लागत नाही, तो मालकाचा प्रश्न. सामानासाठी जास्तीत जास्त एक लाख डॉलरपर्यंत मिळतं. पण दोन गोष्टी आधीच माहीत असू द्या. सामानाची भरपाई घसारा धरून होते, म्हणजे जुन्या सोफ्याचे जुन्या सोफ्याएवढेच पैसे. आणि हॉटेल वगैरे त्यात अजिबात नाही. ते दिवस आम्ही मित्राच्या गेस्टरूममध्ये काढले, अजून त्याच्या उपकारात आहोत.

अ‍ॅडजस्टर (विम्यासाठी नुकसान तपासणारा माणूस) आला तेव्हा त्याने आधी त्या तपकिरी रेघेला मोजपट्टी लावली, आतून आणि बाहेरून. मग वस्तूंचे मॉडेल नंबर. आमच्या गल्लीत लोकांनी ओलं सामान घाईघाईने रस्त्याकडेच्या ढिगात टाकलं होतं आणि नंतर त्यात बॅटरी घेऊन टीव्हीचं मागचं लेबल शोधत होते. फेकायच्या आधी प्रत्येक वस्तूचा फोटो, लेबलाचा जवळून फोटो, आणि सोफ्या-गादीच्या कापडाचा तुकडा कापून पिशवीत. बुरशीची वाट बघत सामान घरात ठेवायची गरज नाही.

अजून एक, हे विम्यातलं नाही पण कामाचं आहे. फ्लोरिडाच्या कायद्यात कलम ८३.६३ आहे. तुमची चूक नसताना घराचं इतकं नुकसान झालं की नीट राहताच येत नाही, तर भाडेकरूला लीज संपवून लगेच घर सोडता येतं. आमच्या मालकाने "दुरुस्ती चालू आहे, भाडं चालू ठेवा" असा ईमेल पाठवला होता. या कलमाचा आकडा टाकून लेखी उत्तर दिलं, मग डिपॉझिटबद्दल बोलायला लागला.


पॉलिसीवाली

मी ऑर्लँडोत एका एजन्सीत काम करते. इथे कुणाची जाहिरात करत नाही, मला व्यक्तिगत निरोप पाठवू नका.

वरची वरून-खालूनची फोड अगदी बरोबर आहे. मी राहिलेलं सांगते.

ते १४ डॉलर. बहुतेक कॉम्प्लेक्समध्ये हा मालकाच्या बाजूचा बंदोबस्त असतो. तुमच्या हातून आग लागली, वॉशिंग मशिनचं पाणी खाली गेलं, तर मालकाच्या भिंतींचं नुकसान त्यातून भरलं जातं. तुमच्या पैठण्यांचं त्याला देणंघेणं नाही. लीजच्या पुरवण्यांमध्ये ते पान शोधा, "हा भाडेकरूच्या सामानाचा विमा नव्हे" अशा अर्थाचं वाक्य बहुतेक सापडेल. स्वतःची पॉलिसी घेतलीत आणि तिच्यावर कॉम्प्लेक्सचं नाव इंटरेस्टेड पार्टी म्हणून (म्हणजे पॉलिसीची माहिती ज्यांना कळवायची ते) घातलंत की ऑफिसला कागद देऊन १४ बंद करायला सांगा. आपोआप बंद होत नाहीत, पुढच्या महिन्याची पावती तपासा.

हरिकेन डिडक्टिबल २ टक्के म्हणजे तुमच्या ३० हजारांचे २ टक्के, ६०० डॉलर. एरवी आग-चोरीला ५००, हरिकेनच्या वाऱ्याला ६००. हे काही भयंकर नाही. घरमालकांना पाच-पाच लाखांच्या घरावर २ टक्के भरावे लागतात तेव्हा पोटात गोळा येतो. फ्लोरिडाच्या कुठल्याही भागासाठी हरिकेनचा इशारा निघाल्यापासून शेवटचा इशारा मागे घेतल्यावर ७२ तासांपर्यंत हे डिडक्टिबल लागतं. आणि हरिकेन म्हणजे नॅशनल हरिकेन सेंटरने हरिकेन म्हटलेलंच. ट्रॉपिकल स्टॉर्मला, म्हणजे हरिकेनहून कमी जोराच्या वादळाला, नेहमीचं डिडक्टिबल.

कोटेशनमध्ये "रिप्लेसमेंट कॉस्ट" लिहिलंय का "अ‍ॅक्चुअल कॅश व्हॅल्यू" ते बघा. पहिल्यात नवीन वस्तूचे पैसे, दुसऱ्यात घसारा कापून. महिन्याला थोडासाच फरक पडतो आणि माझ्या मते पैसे टाकायचेच तर इथे टाका.

दागिने हा आपल्या लोकांचा हमखास फसण्याचा मुद्दा. ३० हजारांचं कव्हरेज आहे म्हणून सगळे निर्धास्त असतात. पण नेहमीच्या पॉलिसीत दागिन्यांच्या चोरीला वेगळी मर्यादा असते, साधारण १,५०० डॉलर. आजच्या सोन्याच्या भावात त्यात एक पाटलीसुद्धा येत नाही. फेमाच्या फ्लड पॉलिसीत दागिने, कलावस्तू वगैरे सगळं मिळून २,५०० डॉलर. खरं सोनं घरात असेल तर प्रत्येक नग वेगळा नोंदवून घ्या, त्याला सराफाचं मूल्यांकन लागतं. बँकेच्या लॉकरमध्ये ठेवलं म्हणजे सरकारी विमा आहे असं काही जण समजतात. तो विमा खात्यातल्या पैशांना असतो, लॉकरमधल्या वस्तूंना नाही.

राहण्याचा खर्च. पॉलिसीत "लॉस ऑफ यूज" नावाची ओळ असते, कव्हरेज डी. कव्हर असलेल्या कारणाने घर राहण्यालायक राहिलं नाही तर ती लागू होते. नुसती इव्हॅक्युएशनची ऑर्डर आली, तुम्ही अटलांटाला गेलात, तीन रात्री हॉटेलात काढल्यात आणि परत येऊन बघता तर घर ठणठणीत, अशा वेळी बऱ्याच पॉलिसी काही देत नाहीत. शासकीय बंदीमुळे घरी जाता येत नसेल तर जे कलम असतं, त्यातही शेजारच्या मालमत्तेला कव्हर असलेलं नुकसान झालेलं असावं लागतं आणि ते साधारण दोन आठवड्यांपुरतं असतं. काही कंपन्या इव्हॅक्युएशनचा थोडा खर्च वेगळा देतात, म्हणून हा प्रश्न एजंटला मोकळेपणाने विचारा आणि उत्तर ईमेलवर मागा.

सिंकमधून किंवा शॉवरच्या जाळीतून उलटं येणारं सांडपाणी हेही साध्या पॉलिसीत नसतं. "वॉटर बॅकअप" वेगळं जोडून घ्यावं लागतं. तळमजल्याला मी नक्की घ्या म्हणेन.

आणि वेळ! फेमाच्या फ्लड पॉलिसीला ३० दिवसांचा वेटिंग पीरियड आहे. आज घेतली तर महिन्याने लागू. खासगी फ्लड कंपन्यांचा वेटिंग पीरियड बऱ्याचदा कमी असतो, पण त्या प्रत्येक पत्त्याला पॉलिसी देत नाहीत. साध्या रेंटर्स पॉलिसीला असा पीरियड नसतो, मात्र वादळाचा वॉच (वादळ येण्याची शक्यता असल्याची सूचना) जाहीर झाला की कंपन्या त्या भागात नव्या पॉलिसी देणं थांबवतात. अशा दिवशी आमच्या ऑफिसचा फोन थांबत नाही आणि आम्हाला प्रत्येकाला नाही म्हणावं लागतं. हंगाम ३० नोव्हेंबरपर्यंत असतो आणि त्याचा जोर सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास. हिशेब तुम्हीच करा.


तिसरा_मजला

ठीक आहे, तळमजल्याला फ्लड घ्या. पण माझ्यासारख्याला काय गरज?


खाडीकाठचा

सामानासाठी तुम्हाला नसेलही. पण गाडी तुम्ही तिसऱ्या मजल्यावर लावत नाही ना?

गाडीचं पाणी रेंटर्समध्येही नाही आणि फ्लड पॉलिसीतही नाही. ते गाडीच्या विम्यातल्या कॉम्प्रिहेन्सिव्हमध्ये (अपघाताखेरीज चोरी, पूर अशा नुकसानीच्या भागात) येतं. जुनी गाडी म्हणून लोक तेच काढून टाकतात. हेलीनमध्ये आमच्या पार्किंगमधल्या गाड्या सकाळी दिवे लागलेल्या, वायपर आपोआप फिरत होते म्हणे, खाऱ्या पाण्याने वायरिंग गेलेलं. मेघनाताई, इव्हॅक्युएट करताना दोन गाड्या असत्या तर एक उंचावरच्या पार्किंग गॅरेजमध्ये टाका म्हटलं असतं. तुमची एकच आहे, ती तुमच्याबरोबर जाईलच.


मेघना_टांपा

एवढं सविस्तर लिहिल्याबद्दल सगळ्यांचे मनापासून आभार. लीजची पुरवणी काढली. अकराव्या पानावर जवळपास तेच वाक्य आहे, ठळक अक्षरात. नवऱ्याला वाचून दाखवलं, तो काही न बोलता लॅपटॉप घेऊन बसला आणि कोटेशनमध्ये रिप्लेसमेंट कॉस्ट आणि वॉटर बॅकअप जोडून घेतलं. महिन्याला पाच-सहा डॉलर वाढले.

आता फ्लडचं. फेमाच्या नकाशावर आमचा पत्ता घातला तर फ्लड झोन एक्स आला. पण काउंटीच्या साइटवर इव्हॅक्युएशन झोन बी दाखवतो. हे काय गौडबंगाल आहे? एक्स म्हणजे सुटलो ना? आणि दुसरं, नवरा एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर, मी त्याची बायको म्हणून एच-४वर. समजा काही झालंच तर फेमाची मदत आम्हाला मिळते का? लेक इथेच जन्मलेली आहे.


पॉलिसीवाली

दोन वेगळे नकाशे आहेत. फ्लड झोन फेमा ठरवते. एई, व्हीई म्हणजे दरवर्षी पूर येण्याची शक्यता किमान १ टक्का, आणि एक्स म्हणजे त्या पट्ट्याच्या बाहेर. इव्हॅक्युएशन झोन काउंटी ठरवते, वादळाच्या लाटेचा अंदाज धरून, ए पासून ई पर्यंत. फ्लड झोनवरून कर्जवाल्या बँका विम्याची सक्ती ठरवतात. इव्हॅक्युएशन झोनवरून तुम्ही घर कधी सोडायचं ते ठरतं. तुमचा बी आहे, म्हणजे मोठ्या वादळात समुद्र तुमच्यापर्यंत येऊ शकतो असं काउंटीच सांगतेय. एक्समध्ये पूर येत नाही असं कुणीच म्हटलेलं नाही. मिल्टनच्या वेळी कितीतरी घरांत नुसत्या पावसाचं पाणी शिरलं, समुद्र तिथून लांब होता. तुमच्या मागे तळं आहे. ते पावसाचं पाणी साठवायलाच खोदलेलं असतं, बदकं नंतर येतात.

मी तुमच्या जागी असते तर एक्समधली सामानाची फ्लड पॉलिसी घेतली असती. तळमजला नसता तर कदाचित नसती घेतली.

शिवाय १ ऑक्टोबर २०२५ पासून फ्लोरिडात वर्षाच्या किंवा त्याहून लांब लीजला मालकाने फ्लडची माहिती वेगळ्या कागदावर द्यायची आहे: या जागेत पूर आल्याचं माहीत आहे का, विम्याचा क्लेम केला होता का. तुमची लीज यंदाच्या जूनमधली आहे, तो कागद तुमच्या गठ्ठ्यात असायला हवा. नसेल तर ऑफिसकडून मागा.


खाडीकाठचा

फेमाचं मी सांगतो, कारण आमच्या शेजारी आणखी एक एच-१बी कुटुंब होतं आणि त्यांच्याबरोबर मदत केंद्राच्या रांगेत मीही उभा होतो. फेमाची रोख मदत अमेरिकन नागरिक, ग्रीन कार्डवाले आणि अशाच काही ठरावीक वर्गांना आहे. एच-१बी, एच-४ त्यात येत नाहीत. पण घरात अमेरिकन नागरिक असलेलं अल्पवयीन मूल असेल तर त्याच्या वतीने आई किंवा वडील अर्ज करू शकतात. मुलाचा सोशल सिक्युरिटी नंबर लागतो. त्यांनी तसाच केला, मंजूर झाला. निवारा, अन्न, पाणी अशी तातडीची मदत कुणालाच व्हिसा विचारून देत नाहीत.

तरी त्या मदतीवर घर परत उभं राहील असं समजू नका. ती विम्याची जागा घेत नाही, आणि विम्याने भरलेल्या गोष्टीचे पैसे फेमा पुन्हा देत नाही. म्हणून पॉलिसी असेल तर आधी तिथे क्लेम करा, नाकारला तर नकाराचं पत्र जपून ठेवा. शेजारच्या मुलाला ते पत्रच फेमाकडे उपयोगी पडलं.

फ्लड पॉलिसी असेल तर वादळ येण्यापूर्वी सामान सुरक्षित जागी हलवायचा खर्च, टेंपो आणि गोदामाचं भाडं, १,००० डॉलरपर्यंत मागता येतं. पावत्या ठेवा. हे आम्हाला नंतर कळलं.


गल्फकर

टेक्सासमधून कुणी वाचत असेल तर एवढं लक्षात घ्या की आमच्याकडे गणित थोडं वेगळं आहे. गॅल्व्हेस्टनसारख्या किनाऱ्यालगतच्या काउंटींमध्ये रेंटर्स पॉलिसीतून वारा आणि गारपीटही काढलेली असू शकते. मग वाऱ्यासाठी टेक्सास विंडस्टॉर्म इन्शुरन्स असोसिएशनची पॉलिसी, पाण्यासाठी फ्लडची आणि आग-चोरीसाठी रेंटर्स, अशा तीन. ह्यूस्टन शहरात बहुतेक ठिकाणी वारा रेंटर्समध्येच असतो, पण २०१७ च्या हार्वीमध्ये आमच्या भागात वाऱ्याने काहीच झालं नाही, जे झालं ते सगळं खालून चढलेल्या पाण्याने. १ जानेवारी २०२२ पासून इथेही जागा पुराच्या पट्ट्यात आहे का आणि गेल्या पाच वर्षांत घरात पाणी आलं होतं का, हे मालकाने लेखी सांगायचं असतं. आमच्या लीजमध्ये तो फॉर्म पार्किंगच्या नियमांमागे स्टेपल केलेला होता.


मेघना_टांपा

फ्लडची पॉलिसी आज घेतली, फक्त सामानाची, ३० हजारांची. ऑगस्टच्या मध्यापासून लागू होईल. तो फ्लडचा कागद गठ्ठ्यात नाही, ऑफिसला ईमेल टाकलाय, बघू काय म्हणतात. दागिन्यांच्या मूल्यांकनासाठी टांपात कुणी ओळखीचा सराफ असेल तर नावाऐवजी नुसतं एवढं सांगा की २२ कॅरटचं काम समजणारा कसा शोधायचा. परवा एका दुकानात गेले तर त्याने मंगळसूत्राच्या काळ्या मण्यांचं वजनही सोन्यात धरलं.


पॉलिसीवाली

नुसत्या दुकानदाराकडे जाऊ नका, जेमॉलॉजिस्टची पदवी असलेला आणि लेखी मूल्यांकन देणारा शोधा. मूल्यांकनात प्रत्येक नगाचं निव्वळ सोन्याचं वजन, कॅरट, फोटो आणि बदली किंमत हवी, आणि मणी-खडे वेगळ्या ओळीत. भारतातल्या सराफाच्या पावत्या असतील तर त्याही जोडा. सोन्याचा भाव वाढतोय, त्यामुळे दर दोन-तीन वर्षांनी ते कागद नवे करून कंपनीला पाठवत जा.